न झालेल्या कुस्तीचा हिशेब : सुशीलकुमार आणि नरसिंग यादव

कुस्तीत दोन मल्लांची तुलना खरं तर सोपी असते. दोघे हौद्यात उतरतात, सलामी होते, एकाची पाठ मातीला लागते आणि निकाल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लागतो. सुशीलकुमार आणि नरसिंग यादव यांच्या बाबतीत हे झालं नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी ७४ किलो फ्रीस्टाइल गटात भारताचा एकच मल्ल जाणार होता. दावेदार दोघे होते. त्यांच्यात निवड चाचणी व्हावी की नाही, हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि चाचणी झालीच नाही. त्यानंतर जे घडलं त्यात दोघांचंही नुकसान झालं. आज या दोघांच्या कारकिर्दीचं मोल करायला बसलं की दरवेळी त्या न झालेल्या कुस्तीपाशीच येऊन थांबावं लागतं.

बालाघाट जिल्ह्यातल्या आम्हा मराठी वाचकांना हा वाद परका नाही. नरसिंगने सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली, त्यातली २०१२ ची गदा आमच्या शेजारच्या गोंदियात. सुशील तीन वर्षांच्या खंडानंतर २०१७ मध्ये मॅटवर परतला तो आमच्याच राज्यात, इंदूरच्या राष्ट्रीय स्पर्धेत. आमच्या कटंगीत कुस्तीचा विषय निघाला की एक बाजू हिंदीतून बोलते, दुसरी मराठीतून, आणि दोघांकडे आपापला हिशेब तयार असतो. या लेखात ते हिशेब एकत्र मांडून कुठे काय बाकी आहे ते पाहायचं आहे.

वाद जन्मला कुठे

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे दोघे एकाच संघात होते आणि त्यांच्यात स्पर्धा नव्हती. सुशील ६६ किलोत लढत होता, नरसिंग ७४ किलोत. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीला ऑलिंपिकच्या मुख्य खेळांतून वगळण्याची शिफारस केली आणि कुस्तीविश्व हादरलं. नियम बदलले, महिलांचे गट वाढवले गेले, सप्टेंबरमध्ये कुस्तीने आपली जागा परत मिळवली. या फेरबदलात पुरुषांच्या फ्रीस्टाइलचे सात गट सहा झाले. ६६ किलोचा गट ऑलिंपिकमधून गेला. खाली उतरायचं तर ६५, वर जायचं तर ७४.

सुशील त्या वेळी तिशीत होता. वय वाढत असताना वजन तोडणं किती जड जातं हे तालमीत राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. शिवाय ६५ किलोत योगेश्वर दत्त येत होता, सुशीलच्याच छत्रसाल स्टेडियममधला सहकारी. सुशीलने ७४ किलो निवडलं आणि २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम फेरीत पाकिस्तानच्या कमर अब्बासला दोन मिनिटांच्या आत चीतपट करून नव्या गटात सुवर्णही मिळवलं. पण ही जागा मोकळी नव्हती. तिथे नरसिंग आधीपासून होता.

या वादाला पुढे व्यक्तींचा, प्रांतांचा, गुरूंचा रंग चढला. त्याचं मूळ मात्र दूर कुठेतरी कागदावर बदललेल्या एका वजनगटात आहे, हे आजच्या चर्चेत बहुतेक वेळा विसरलं जातं.

पदकांची वही

नुसती पदकं मोजायची तर वादाला फारशी जागा नाही. दिल्लीजवळच्या बापरोला गावात जन्मलेला सुशील चौदाव्या वर्षी छत्रसालमध्ये सतपाल यांच्या हाताखाली गेला. २००४ मध्ये अथेन्सला पहिलं ऑलिंपिक, रिकाम्या हाताने परत. २००८ मध्ये बीजिंगला पहिल्याच लढतीत युक्रेनच्या आंद्रे स्टाडनिककडून हार.

पुढची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी, कारण सुशीलचा सगळा लौकिक तिथून सुरू होतो. हरवणारा अंतिम फेरीत गेला तर हरलेल्याला कांस्यपदकासाठी पुन्हा संधी मिळते, असा कुस्तीतला नियम आहे. म्हणजे हरल्यावर दुसऱ्याच्या जिंकण्याकडे डोळे लावून बसायचं, अंग थंड होऊ द्यायचं नाही आणि बोलावणं आलं की लगेच मॅटवर. स्टाडनिक अंतिम फेरीत गेला. सुशीलने मग अमेरिकेचा डग श्वाब, बेलारूसचा अल्बर्ट बातिरोव आणि कझाकस्तानचा लिओनिद स्पिरिदोनोव यांना ओळीने हरवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीमधल्या कांस्यपदकानंतर छप्पन्न वर्षांनी भारताला कुस्तीत पदक मिळालं. २०१० मध्ये मॉस्कोला जागतिक सुवर्ण, २०१२ मध्ये लंडनला रौप्य. तिथे अंतिम फेरीत जपानचा तात्सुहिरो योनेमित्सू भारी पडला. दोन ऑलिंपिक पदकं आणि जगज्जेतेपद इतकं एकाच नावापुढे असलेला दुसरा भारतीय मल्ल नाही.

नरसिंगची वही लहान आहे, पण ती लहान का आहे हे समजून घेतल्याशिवाय बाजूला ठेवू नये. वडील मुंबईत जोगेश्वरीला दुधाचा व्यवसाय करणारे, मूळ वाराणसीकडचे. पोरगा कांदिवलीच्या क्रीडा प्राधिकरण केंद्रात जगमालसिंग यांच्याकडे घडला. २०१० मध्ये दिल्लीत आशियाई अजिंक्यपद आणि त्याच वर्षी राष्ट्रकुल सुवर्ण. लंडनला पहिल्याच फेरीत कॅनडाच्या मॅट जेन्ट्रीकडून पराभव. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी. २०१४ मध्ये इंचिऑनला आशियाई कांस्य. आणि सप्टेंबर २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य, तेही फ्रान्सच्या झेलिमखान खादजिएवविरुद्ध पिछाडीवर असताना त्याला चीतपट करून. याच पदकाने ७४ किलोत भारताचा रिओचा कोटा पक्का झाला.

महाराष्ट्र केसरीच्या तीन गदांना दिल्ली-हरियाणाकडचे अभ्यासक फारसं वजन देत नाहीत, ती राज्याची स्पर्धा म्हणून सोडून देतात. मला हे पटत नाही. किताबाची लढत खुल्या गटात होते, समोर कधी आपल्यापेक्षा वीस-तीस किलो जड मल्ल येतो. चौऱ्याहत्तर किलोच्या आसपासचा माणूस ती तीनदा ओळीने जिंकतो, तेव्हा ताकदीबरोबर त्याचा डाव आणि दम किती पक्का असेल याचा अंदाज करावा. तरीही निकाल बदलत नाही. पदकांच्या वहीत सुशील पुढे आहे, आणि बराच पुढे आहे.

चाचणी हवी होती का

खरा वाद पदकांपलीकडचा आहे. २०१५ च्या जागतिक स्पर्धेच्या निवडीवेळी सुशील खांद्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता. नरसिंग निवड जिंकून गेला आणि कोटा घेऊन आला. सुशील सावरला, सराव केला आणि २०१६ च्या उन्हाळ्यात त्याने मागणी केली की मला फुकट पाठवू नका, पण आमच्या दोघांची कुस्ती लावा, जिंकेल तो जाईल.

या मागणीच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात आणि तिन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला म्हणजे कोटा देशाला मिळतो, खेळाडूला नव्हे. जागतिक संघटनेचा नियमच तसा आहे. दुसरा, ऑलिंपिकच्या वेळी जो सर्वांत चांगल्या स्थितीत असेल त्याने जावं, अकरा महिने आधी कोण चांगला होता हे पुरेसं नाही. तिसरा, कोटा मिळाल्यानंतरही चाचणी, असं पूर्वी झालेलं आहे. नव्वदच्या दशकातल्या काका पवार आणि पप्पू यादव यांच्या प्रकरणाचा दाखला त्या वेळी सुशीलच्या बाजूने वारंवार दिला गेला.

विरुद्ध बाजूही तितकीच भक्कम आहे. कोटा देशाचा असला तरी तो मिळवायला मॅटवर घाम एकाने गाळलेला असतो. कोटा मिळाल्यापासून त्याचं वर्षभराचं वेळापत्रक ऑलिंपिकच्या दिवसाकडे बघून आखलं जातं : कधी वजन वाढवायचं, कधी तोडायचं, कधी परदेशी शिबिर, कधी विश्रांती. दोन-अडीच महिने उरले असताना घरच्याच तगड्या मल्लाशी जीव तोडून लढायला लावलं तर दुखापत कुणालाही होऊ शकते. आणि सर्वांत मोठा मुद्दा असा की सुशीलने २०१४ च्या ग्लासगोनंतर ७४ किलोत कुठलीही मोठी स्पर्धा खेळलेली नव्हती. चाचणीचा हक्क कशाच्या जोरावर, तर जुन्या पदकांच्या जोरावर. पण जुनी पदकं पुढच्या स्पर्धेचा परवाना ठरू लागली तर मागून येणाऱ्या पोरांनी काय करायचं?

६ जून २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सुशीलची याचिका फेटाळली. निवड हा भारतीय कुस्ती महासंघाच्या अधिकारातला विषय आहे, आणि इतक्या उशिरा चाचणी घेतल्यास निवडलेल्या मल्लाच्या तयारीला धक्का बसेल, असा त्या निर्णयाचा रोख होता. मला हा निर्णय त्या परिस्थितीत योग्य वाटतो. सुशीलची मागणी चुकीची होती असं मात्र मी म्हणणार नाही. ती उशिरा आली, आणि ज्या महासंघाने कोटा मिळण्याआधीच लेखी नियम जाहीर करून ठेवायला हवा होता त्याने तो ठेवला नव्हता. दोष द्यायचाच तर तो या रिकाम्या जागेला द्यावा लागतो.

अमेरिकेत आणि बॉक्सिंगमध्ये

हा पेच भारतापुरता नाही. याच ७४ किलो गटात अमेरिकेचा जॉर्डन बरोज लंडनचा ऑलिंपिक विजेता. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवून त्यानेच अमेरिकेला टोकियोचा कोटा मिळवून दिला. तरीही अमेरिकेच्या पद्धतीप्रमाणे त्याला चाचणीला उतरावं लागलं, आणि एप्रिल २०२१ मध्ये काइल डेकने त्याला सलग दोन लढतींत हरवलं. कोटा बरोजचा, टोकियोला गेला डेक, आणि कांस्य घेऊन आला. यावर तिथे खटला झाला नाही, कारण नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता.

आपल्याकडे बॉक्सिंगमध्ये असाच प्रसंग २०१९ मध्ये आला. ५१ किलो गटात ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी मेरी कोमलाच थेट पाठवण्याचा विचार होता. तेव्हा तेवीस वर्षांच्या निखत झरीनने क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून चाचणीची मागणी केली. सुशीलच्या मागणीसारखीच मागणी, फक्त इथे मागणारी नवी आणि जागेवर बसलेली दिग्गज. २८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीत चाचणी झाली. मेरी कोम ९-१ ने जिंकली आणि लढतीनंतर निखतशी तिने हात मिळवला नाही. कटुता उरलीच. पण कोण जाणार हा प्रश्न त्या दिवशी संपला. मेरी टोकियोला गेली. निखतने २०२२ आणि २०२३ मध्ये जागतिक अजिंक्यपद जिंकून स्वतःचा मार्ग केला. त्या दोघींच्या कारकिर्दींची तुलना करताना आज कुणाला कोर्टाची कागदपत्रं काढावी लागत नाहीत. सुशील-नरसिंगच्या बाबतीत ती अजून काढावी लागतात.

रिओ आणि उत्तेजकाचं प्रकरण

न्यायालयात नरसिंग जिंकला, पण रिओला लढू शकला नाही. २५ जून आणि ५ जुलै २०१६ रोजी घेतलेल्या नमुन्यांत मेथँडिएनोन हे बंदी घातलेलं स्टेरॉइड सापडलं. सोनीपतच्या शिबिरात त्याच्याच खोलीत राहणारा मल्लही दोषी आढळला. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मुद्दाम मिसळलं, असं नरसिंगचं म्हणणं. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या शिस्तपालन समितीने ते मान्य करून १ ऑगस्टला त्याला मोकळं केलं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने याला आव्हान दिलं आणि १८ ऑगस्टला, त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. लवादासमोरच्या तज्ज्ञांच्या मते नमुन्यातलं प्रमाण पेयात पूड मिसळण्याशी जुळत नव्हतं, गोळी घेतल्याशी जुळत होतं. ७४ किलोत भारताचा कुणीही मॅटवर उतरला नाही.

एका बाजूचं म्हणणं असं की लवादाचा निर्णय अंतिम आहे आणि घातपाताचा पुरावा कधी समोर आला नाही, म्हणून नरसिंगच्या कारकिर्दीकडे बघताना ही बंदी धरूनच चालावं. दुसरी बाजू म्हणते की ऑलिंपिकचं तिकीट हातात असलेला, वर्षभर तपासण्या देत आलेला मल्ल स्पर्धेच्या तोंडावर हे का करेल? केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास गेला तो याच शंकेतून. माझ्या मते दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. खेळाच्या नियमात जबाबदारी शरीरात काय सापडलं यावर ठरते, आणि त्या कसोटीवर बंदी टिकते. पण घातपाताचा संशय घेऊन सुशीलच्या किंवा त्याच्या गोटाच्या दिशेने जी बोटं दाखवली गेली, त्यांना कुठल्याही न्यायासनाने आधार दिलेला नाही. तुलनेत ती धरू नयेत.

मागे काय ठेवलं

वारसा पदकांपलीकडे, मागून येणाऱ्यांच्या आयुष्यात दिसतो. सुशीलच्या बीजिंगनंतर भारताने प्रत्येक ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं किमान एक पदक मिळवलं. लंडनला सुशील आणि योगेश्वर, रिओला साक्षी मलिक, टोकियोला रवी दहिया आणि बजरंग पुनिया, पॅरिसला अमन सेहरावत. यातले रवी आणि अमन छत्रसालमध्येच घडले. हे सगळं सुशीलच्या खात्यावर टाकता येणार नाही. सतपाल यांची शिस्त, हरियाणाच्या नोकऱ्या आणि बक्षिसं, महिला कुस्तीची स्वतंत्र चळवळ यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण ऑलिंपिकचं पदक आपल्यासारख्या घरातल्या पोराला मिळू शकतं हे बसचालकाच्या या मुलाने दाखवलं.

महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. खाशाबांनंतर कुस्तीत मराठी मुलुखातून ऑलिंपिक पदक आलेलं नाही. माती सोडून मॅटवर लवकर न जाणं हे त्याचं कारण म्हणून सांगितलं जातं. मातीत लढत लांबली तरी चालते, बचाव करून प्रतिस्पर्ध्याला दमवता येतं. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, निष्क्रियतेला शिक्षा, आणि पाठ क्षणभर कलली तरी गुण जातात. नरसिंगचं महत्त्व इथे आहे. महाराष्ट्र केसरीची गदा आणि जागतिक पदक या दोन्ही गोष्टी एकाच मल्लाला मिळू शकतात हे त्याने सिद्ध केलं. त्याच्यानंतर विजय चौधरीने २०१४ ते २०१६ सलग तीन गदा घेतल्या, राहुल आवारेने २०१९ मध्ये ६१ किलोत जागतिक कांस्य मिळवलं. पण ६१ हा ऑलिंपिकचा गट नाही. नरसिंगने दाखवलेली वाट पुढे रुंद झाली नाही.

प्रांताच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की मराठी अभिमानाचा विषय झालेला नरसिंग उत्तर प्रदेशातून मुंबईत आलेल्या कुटुंबातला आहे. महाराष्ट्राने त्याला आपला मानलं ही चांगलीच गोष्ट आहे, पण म्हणूनच ‘दिल्लीने मराठी मल्लाचा घास हिरावला’ ही मांडणी फार पुढे नेता येत नाही.

२०१७ नंतर

इंदूरच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुशीलला सुवर्ण मिळालं, पण उपउपांत्य, उपांत्य आणि अंतिम अशा तिन्ही फेऱ्यांत समोरचा मल्ल लढलाच नाही. आदराने की दुखापतीने, यावर तेव्हाही वाद झाला. ऑलिंपिकपटूचा आदर समजू शकतो, पण राष्ट्रीय अजिंक्यपद न लढता देणं खेळाला शोभत नाही, आणि प्रेक्षकांनाही नाही. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण मिळालं. त्यानंतर आशियाई स्पर्धेत पहिल्याच फेरीत आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेतही पहिल्याच फेरीत पराभव.

मे २०२१ मध्ये एका तरुण मल्लाच्या मृत्यूच्या प्रकरणात सुशीलला अटक झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोप निश्चित केले. त्याने ते नाकारले. दोषी कोण हे न्यायालयाने ठरवायचं आहे. वारशाच्या प्रश्नावर मात्र दोन मतं स्पष्ट आहेत. काहींच्या मते मॅटवरचं यश आणि मॅटबाहेरचं वागणं वेगळं तोलावं. इतरांच्या मते वस्ताद म्हणून ज्याच्याकडे पोरं बघतात त्याला ही सवलत देता येत नाही. आखाड्यात शिस्त आणि चारित्र्य हे डावपेचांच्या आधी शिकवलं जातं, म्हणून मला दुसरं मत अधिक रास्त वाटतं. पण ते लागू करायची वेळ निकालानंतरची.

नरसिंगची बंदी २०२० मध्ये संपली. डिसेंबरमध्ये बेलग्रेडच्या विश्वचषकात तो उतरला आणि पहिलीच लढत हरला. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाच्या अध्यक्षपदी त्याची निवड झाली.

जे अजून सुटलेलं नाही

निवडीचा नियम अजून डळमळीतच आहे. २०२३ च्या आशियाई स्पर्धेसाठी विनेश फोगाट आणि बजरंग पुनियाला चाचणीतून सूट मिळाली, तेव्हा अंतिम पंघाल आणि सुजीत न्यायालयात गेले आणि त्यांचीही याचिका फेटाळली गेली. पॅरिसपूर्वी ५३ किलोचा कोटा अंतिमकडे होता, चाचणी होईल की नाही हे नक्की नव्हतं, आणि विनेश ५३ ऐवजी ५० किलोत उतरली. अंतिम फेरीच्या सकाळी वजन किंचित जास्त भरल्याने ती बाद झाली. हे सगळं एका कारणाने घडलं असं म्हणणं चूक ठरेल, पण त्यामागच्या कारणांत २०१६ मध्ये अनुत्तरित राहिलेला तोच प्रश्न आहे : कोटा मिळवणाऱ्याला किती संरक्षण, आणि ते केव्हापासून?

आणि ज्या गटासाठी एवढं सगळं झालं, त्या ७४ किलोत टोकियोला भारताचा मल्ल पात्र ठरला नाही, पॅरिसलाही नाही. या गटात ऑलिंपिकच्या मॅटवर उतरलेला शेवटचा भारतीय अजूनही २०१२ च्या लंडनमधला नरसिंग यादवच आहे.